चार सुटी गाणी म्हणजे तो अल्बम नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारच्या ‘गुड किड, मॅड सिटी’ या अल्बमवर आलेला मजकूर वाचला. अल्बमचं कौतुक होतं, ते योग्यच. पण सोबतच्या चौकटीत ‘एवढी ऐकलीत तरी पुरे’ म्हणून ‘बॅकसीट फ्रीस्टाइल’, ‘मनी ट्रीज’, ‘पोएटिक जस्टिस’ आणि ‘स्विमिंग पूल्स’ अशी चार गाणी दिली होती. हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे. चारही गाणी उत्तम आहेत, यात वाद नाही. मात्र ती सुटी ऐकली तर त्यांतल्या निदान तिघांचा अर्थ उलटा लागतो, आणि ज्या गुणामुळे हा अल्बम इतकी वर्षं टिकला तोच नेमका निसटतो.

आधी एक दुरुस्ती. हा केंड्रिकचा पहिला अल्बम नव्हे. २०११ मध्ये टॉप डॉग एंटरटेनमेंट या छोट्या कंपनीने त्याचा ‘सेक्शन.८०’ काढला होता. २२ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेला ‘गुड किड’ हा मोठ्या कंपनीच्या पाठबळावर, म्हणजे डॉ. ड्रे या नावाजलेल्या रॅपर-निर्मात्याच्या आफ्टरमॅथ आणि इंटरस्कोपच्या छत्राखाली आलेला पहिला. हा फरक किरकोळ नाही. रॅपरचा घसरण्याचा धोका बहुतेक वेळा याच पायरीवर असतो. छोट्या कंपनीत असताना मित्रांचे दोन-तीन निर्माते, एकच स्टुडिओ आणि एकच सूर असतो. मोठी कंपनी आली की रेडिओवर चालतील अशी तीन गाणी हवी असतात, नावाजलेले पाहुणे हवे असतात, वेगवेगळ्या शहरांतल्या महागड्या निर्मात्यांचे ठेके विकत घेतले जातात. एक गाणं क्लबसाठी, एक प्रेयसीसाठी, एक आईसाठी. प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे चांगलं असतं, पण एकत्र ऐकलं की दुकानाच्या फळीवर मांडलेल्या मालासारखं वाटतं.

केंड्रिकसमोर हा सगळा माल होताच. हिट-बॉय, टी-मायनस, फॅरेल विल्यम्स, डीजे डाही, स्कूप डेव्हिल, जस्ट ब्लेझ असे एकमेकांशी फारसा मेळ नसलेले निर्माते, आणि पाहुण्यांत ड्रेकसारखं त्या काळी भरपूर खपणारं नाव. त्याने हा माल नाकारला नाही. प्रत्येक ‘चालणारं’ गाणं त्याने लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये वाढणाऱ्या सतरा वर्षांच्या केंड्रिकच्या गोष्टीत अशा जागी बसवलं की त्या जागेमुळे गाण्याचा अर्थ फिरतो. मुखपृष्ठावर ‘अ शॉर्ट फिल्म बाय केंड्रिक लमार’ असं छापलं आहे, ती नुसती ऐट नाही.

हे तो कसं साधतो ते नीट सांगायला हवं, कारण चौकटीतली चूक तिथूनच होते. या अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांची किल्ली त्या गाण्यात नसून आधीच्या गाण्याच्या शेपटीत आहे. गाणं संपतं, ठेका थांबतो आणि पुढचं अर्धं-एक मिनिट नुसतं बोलणं ऐकू येतं: मित्रांची बडबड, आईवडिलांचे फोनवरचे निरोप, रस्त्यावरची बाचाबाची. रॅपमध्ये याला ‘स्किट’ म्हणतात. बहुतेक अल्बमांत स्किट हा वेळकाढूपणा असतो आणि श्रोते तो पुढे ढकलतात. इथे तो ढकलला की दार उघडत नाही.

‘बॅकसीट फ्रीस्टाइल’चंच पाहा. सुटं ऐकलं तर हे शुद्ध माजाचं गाणं आहे. पैसा हवा, सत्ता हवी, मार्टिन ल्यूथर किंगचं स्वप्नही स्वतःच्या बढाईला तोंडी लावायला घेतलेलं. आपल्याकडे रॅपबद्दल जे आक्षेप घेतले जातात ते सगळे याच गाण्यावर बोट ठेवून घेता येतील. पण आधीच्या, दुसऱ्या क्रमांकाच्या गाण्याच्या शेवटी मित्र येतो आणि ‘के-डॉट’ला (केंड्रिकचं तेव्हाचं नाव) गाडीत बस म्हणतो. सिगारचं पाकीट आहे, ठेक्यांची सीडी आहे, तुझे फ्रीस्टाइल (उत्स्फूर्त रॅप) तयार ठेव. त्यापुढे येतं ते हे गाणं. म्हणजे इथे २५ वर्षांचा यशस्वी रॅपर गात नाही, मागच्या सीटवर बसून मित्रांसमोर फुशारकी मारणारा सतरा वर्षांचा पोरगा गातो आहे. त्याच्या खिशात काही नाही, म्हणून तोंडात सगळं आहे. ती वीस सेकंदं कापली की व्यक्तिरेखा जाते आणि नुसती बढाई उरते.

मग चौथं गाणं, ‘द आर्ट ऑफ पिअर प्रेशर’. ते आपल्या चौकटीत नव्हतं, कारण त्याला गुणगुणण्याजोगं ध्रुवपद नाही. खरं तर सगळा अल्बम या गाण्याच्या खुंटीवर टांगलेला आहे. चौघे जण पांढऱ्या टोयोटात, टाकीत पाव भाग पेट्रोल, एक पिस्तूल आणि ऑरेंज सोडा. ही यादी जशीच्या तशी गाण्यात येते आणि एवढ्या चार वस्तूंत पोरांचं वय, ऐपत आणि धोका तिन्ही कळतात. पिस्तुलाशेजारी ऑरेंज सोडा ठेवणं हे लेखकाचं काम आहे. पुढे एका घरात चोरी होते, मागे पोलिसांची गाडी लागते, हे उजवीकडे वळतात, डावीकडे वळतात, पुन्हा उजवीकडे आणि त्या रात्री निसटतात. मधून मधून एकच कबुली येत राहते: एरवी मी नशा करत नाही, पण मित्र सोबत होते. एरवी मी हिंसक नाही, पण मित्र सोबत होते. ‘एरवी मी असा नाही’ ही तक्रार जगातल्या कुठल्याही आईच्या कानांना ओळखीची वाटेल.

त्याच नशेचा धागा चार गाण्यांनंतर, ‘मॅड सिटी’त, पुन्हा हाती लागतो. मी फारसा ओढत का नाही, असं लोक विचारतात. पहिल्याच झुरक्यात गांजात कोकेन मिसळलेलं निघालं आणि तोंडाला फेस आला तर तुम्ही तरी ओढाल का? चौथ्या गाण्यातल्या एका ओझरत्या वाक्याचं कारण आठव्या गाण्यात मिळतं. चार सुटी गाणी ऐकणाऱ्याच्या हाती ना वाक्य लागतं, ना कारण.

‘मनी ट्रीज’ येतं ते त्या चोरीनंतर. पहिल्याच ओळींत त्या चोरीचा उल्लेख आहे, म्हणून आधीचं गाणं ऐकलेलं नसेल तर तो उल्लेख हवेत जातो. याच गाण्यात केंड्रिकच्या टोनी काकांना एका बर्गरच्या दुकानात गोळ्या घातल्याची आठवण येते, अगदी दोन ओळींत, पुढच्या स्वप्नांच्या मध्ये. डीजे डाहीने बीच हाउस या बँडच्या गाण्याचा तुकडा उलटा वाजवून हा ठेका बांधला आहे. उलट्या वाजवलेल्या सुराला आघात नसतो. आवाज शून्यातून फुगत येतो आणि एकदम तुटतो. म्हणून हे गाणं सतत झोपेतून उठल्यासारखं वाटतं. पैशाचं झाड हे स्वप्नच आहे, तेव्हा ही निवड सजावटीसाठी केलेली नाही.

आता गाडीबद्दल, कारण साऱ्या गोष्टीचा कणा आईची डॉज व्हॅन आहे. पहिल्या गाण्यात केंड्रिक ती व्हॅन घेऊन शरेन नावाच्या मुलीला भेटायला निघालेला असतो. तिच्या घराजवळ काळ्या हुडीतली दोन माणसं दिसतात, आणि बरोबर त्या क्षणी फोन वाजून आईचा निरोप सुरू होतो. पंधरा मिनिटांत येतो म्हणाला होतास, व्हॅन कुठे आहे, मला काउंटीच्या कार्यालयात जायचंय, पोरांना भूक लागलीये. मागून वडील त्यांच्या डोमिनो खेळाच्या सोंगट्यांची चौकशी करतात. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. मग गोष्ट मागे जाते: दुसरं, तिसरं, चौथं गाणं हा त्याच दिवसाचा आधीचा भाग. चौथ्या गाण्याच्या शेवटी मित्र म्हणतात, चल, तुला तुझ्या आईच्या व्हॅनपाशी सोडतो. इथे कळतं की पहिलं गाणं कालक्रमाने या गाण्यानंतरचं आहे. हा धागा ज्याला सापडला त्याला आईचा निरोप दुसऱ्यांदा ऐकताना हसू येत नाही, कारण पंधरा मिनिटं म्हणून नेलेली गाडी उभी ठेवून पोरगा दुसऱ्या गाडीत बसून चोरी करून आलेला असतो, आणि घरी भूक लागलेली भावंडं असतात.

हुडीतल्या त्या दोघांचं काय झालं? त्याचं उत्तर ‘पोएटिक जस्टिस’च्या शेपटीत आहे. ड्रेकसोबतचं, जॅनेट जॅक्सनच्या आवाजाचा तुकडा घेऊन बांधलेलं हे मऊ प्रेमगीत रेडिओवर भरपूर वाजलं आणि रेडिओवर ते प्रेमगीत म्हणूनच संपतं. अल्बमवर मात्र सूर विरतो आणि धमकीचे आवाज येतात. तुझी आजी कुठे राहते, आई कुठे राहते, बाप कुठे राहतो, तू कुठला? बाहेरच्याला हे प्रश्न साधे वाटतील. तिथे ‘तू कुठला’चा अर्थ ‘तू कोणत्या टोळीचा’ एवढाच असतो, आणि कोणतंही उत्तर चुकीचं ठरू शकतं. प्रेमगीताच्या टोकाला ही चौकशी बांधली नसती तर ते अल्बममधलं सर्वांत सामान्य गाणं ठरलं असतं.

पुढचं, सातवं गाणं ‘गुड किड’. पहिल्या कडव्यात टोळीवाले घेरतात, दुसऱ्यात पोलीस. लाल आणि निळा हे कॉम्प्टनच्या दोन मोठ्या टोळ्यांचे, ब्लड्स आणि क्रिप्सचे, रंग. आणि पोलिसांच्या गाडीवरचा दिवाही लाल-निळाच. पोलीस शर्ट वर करायला लावतात, अंगावर टोळीचं गोंदण आहे का ते पाहायला. पोरगा कुठल्याच टोळीत नाही, पण हे पटवून द्यायला त्याच्याकडे दोघांपुढेही पुरावा नाही. ‘कुठल्याही टोळीत नसल्याची’ खूण अंगावर गोंदवता येत नाही, एवढी साधी अडचण. रॅपमध्ये श्लेष खूप होतात आणि बहुतेक टाळ्यांसाठी होतात. हा श्लेष दोन्ही कडव्यांचा भार उचलतो.

‘मॅड सिटी’ या शीर्षकगीताचा ठेका मधोमध मोडतो. पहिला अर्धा भाग २०१२ चा, चपळ आणि कर्कश, त्यात केंड्रिकचा आवाज वरच्या पट्टीत, घाबरलेल्या पोरासारखा. मग सगळं थांबून नव्वदच्या दशकातला वेस्ट कोस्ट (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा) ठेका येतो आणि एमसी एट बोलायला लागतो. हा कॉम्प्टन्स मोस्ट वाँटेड या जुन्या गटाचा रॅपर, कॉम्प्टनच्या आधीच्या पिढीचा आवाज. मोठी कंपनी पाहुणा म्हणून ज्याचं नाव सुचवेल असा तो २०१२ मध्ये नव्हता. त्याला आणण्याचं कारण गोष्टीत आहे: गाव तेच, गल्ली तीच, फक्त ठेका बदलला. याच गाण्यात वडिलांच्या सांगण्यावरून धरलेल्या सुरक्षारक्षकाच्या नोकरीचा उल्लेख आहे. तिसऱ्याच शनिवारी चोरीचा बनाव केला म्हणून ती गेली. इतका बारीक तपशील कुणी उगाच रचत नाही.

आता ‘स्विमिंग पूल्स’. याच्यावर सर्वांत जास्त अन्याय झाला आहे. ते दारूच्या पार्टीत वाजतं, आणि आपल्या चौकटीतही ‘पार्टी गीत’ असंच लिहिलं होतं. ध्रुवपदातल्या आज्ञा क्रमाने पाहा: पी, बस, पी, उठ, पी, कोसळ, पी, जागा हो, पी, विझ. एका रात्रीची पूर्ण घसरण ठेक्यावर मोजून दिली आहे, आणि ‘जागा हो’नंतरही ‘पी’च येतं. पहिल्या कडव्यात आजोबांच्या हातातल्या सोनेरी बाटलीची आठवण. दुसऱ्यात आवाज बारीक करून केंड्रिकचा विवेकच बोलतो, मी सांगतोय ते ऐकलं नाहीस तर संपशील. सुटं गाणं (‘सिंगल’) म्हणून २०१२ च्या उन्हाळ्यात बाजारात आलेल्या आवृत्तीत शेवटचा प्रसंग नव्हता. अल्बमवरच्या लांब आवृत्तीत तो आहे. हुडीतल्या त्या दोघांकडून मार खाऊन आलेल्या केंड्रिकला मित्र दारू पाजून शांत करतात आणि मग बदला घ्यायला निघतात. गोळीबार होतो, मित्र मरतो. पिण्याचा आग्रह करणारं ध्रुवपद आणि ती गोळी यांत जेमतेम मिनिटभराचं अंतर आहे. ती आवृत्ती ऐकल्यावर या गाण्यावर नाचणं अवघड जातं, आणि ते तसंच व्हायला हवं म्हणून ते तिथे आहे.

यानंतरच्या ‘सिंग अबाउट मी, आय अ‍ॅम डाइंग ऑफ थर्स्ट’बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बारा मिनिटांचं हे गाणं चौकटीत नसणं ही आमची सर्वांत मोठी तक्रार आहे.

ग्रँट ग्रीन या जॅझ वादकाच्या गिटारचा छोटासा तुकडा पहिल्या भागात फिरत राहतो. तो चढत नाही, उतरत नाही. निर्मात्याच्या दृष्टीने हे धाडस आहे. एवढा वेळ ठेक्यात बदल नसेल तर श्रोता कंटाळतो, म्हणून सहसा दर सोळा बारनंतर काहीतरी घातलं किंवा काढलं जातं. (एक बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन, सोळा बारांचं कडवं हे रॅपचं नेहमीचं माप.) इथे ठेका जागचा हलत नाही, फक्त बोलणारा बदलतो. पहिलं कडवं मेलेल्या मित्राच्या भावाचं. तो केंड्रिकशी बोलतो आहे: माझा भाऊ तुझ्या मांडीवर गेला, मी सूड घेणार, आणि तुझा अल्बम यायच्या आधी मी मेलो तर माझी इच्छा आहे की… इथे गोळ्यांचे आवाज. वाक्य पूर्ण होत नाही. ठेका मात्र फिरतच राहतो, एक मात्राही चुकत नाही. त्या माणसाची इच्छा काय होती हे अल्बममध्ये शेवटपर्यंत कळत नाही, आणि ज्या अल्बमची तो वाट पाहत होता तोच आपण ऐकत असतो.

दुसरं कडवं एका तरुणीचं. ‘सेक्शन.८०’मध्ये केंड्रिकने कीशा नावाच्या वेश्येच्या मृत्यूवर गाणं केलं होतं. ही तिची बहीण. ती चिडलेली आहे. माझ्या बहिणीची गोष्ट जगाला सांगायचा अधिकार तुला कुणी दिला? मी तिच्यासारखी नाही, मी विझणार नाही, माझा आवाज विरणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगते, आणि हे सांगत असतानाच तिचा आवाज हळूहळू विरत जातो. ती बोलतच असते, आपल्याला ऐकू येईनासं होतं. मिक्सिंग करणाऱ्याने आवाजाची पट्टी खाली ओढली, यांत्रिक क्रिया एवढीच. पण पहिल्या कडव्यात गोळीने तोडलेलं वाक्य आणि दुसऱ्यात विरत गेलेलं वाक्य शेजारी ठेवल्यावर मरण्याच्या दोन पद्धती शब्दांवाचून दिसतात. तिसऱ्या कडव्यात केंड्रिक स्वतः उत्तर द्यायला उभा राहतो, आणि कीशाच्या बहिणीचा आरोप तो खोडून काढत नाही. मोठ्या बाजारात पहिल्यांदा उतरताना स्वतःविरुद्धचा साक्षीदार स्वतःच उभा करणारा रॅपर विरळाच.

मग ठेका बदलतो, थकलेली पोरं, तहान, आणि रस्त्यात भेटलेली एक वयस्क बाई त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेते. हीच प्रार्थना अल्बमच्या अगदी सुरुवातीला, कॅसेटच्या खरखरीबरोबर, ऐकू आलेली असते. तिथे ती कुणाची, कशासाठी, हे कळत नाही. ते कळायला नऊ गाणी जावी लागतात.

पुढच्या ‘रिअल’मध्ये पुन्हा फोनचे निरोप, पण या वेळी सोंगट्यांची चौकशी नाही. वडील सांगतात की माणूस कुणीही मारू शकतो, त्याने कुणी खरा होत नाही. जबाबदारी घेतली तर होतो. आई सांगते की परत ये, तुझी गोष्ट इथल्या पोरांना सांग. आणि जाता जाता, टॉप डॉगचा घरी फोन आला होता, त्यांना बहुतेक तुझ्याकडून आणखी एक गाणं हवंय. ज्या कंपनीने पुढे हा अल्बम काढला तिचं नाव आईच्या तोंडी असं सहज येतं. शेवटच्या ‘कॉम्प्टन’च्या शेपटीत कॅसेट मागे फिरते आणि केंड्रिकचा आवाज येतो: आई, व्हॅन नेतोय, पंधरा मिनिटांत येतो.

निर्मात्यांची एवढी मोठी यादी असूनही हे सगळं एकसंध वाटतं, यात मिक्सिंगचा मोठा वाटा आहे. बहुतेक काम मिक्स्डबायअली या नावाने काम करणाऱ्या डेरेक अलीचं, जो टॉप डॉगचा घरचाच माणूस. कंपनी बदलली, ठेके बाहेरून आले, पण आवाज कसा ठेवायचा हे ठरवणारा हात बदलला नाही. फोनवरचे निरोप खालची आणि वरची कंपनं कापून अरुंद केले आहेत, खोल बास फक्त गाण्यांना, आणि केंड्रिकच्या प्रत्येक पात्राचा आवाज वेगळ्या जागी. पहिला मोठा अल्बम करणाऱ्या कुणालाही यातून शिकण्यासारखं आहे. निर्माते दहा असले तरी चालतात. शेवटचा हात एक हवा.

शब्दांच्या कसबावरही पुरवणीत काही नव्हतं. त्याच्या यमकांबद्दल ‘जुळवाजुळव’ हा शब्द वापरला गेला, तो बरोबर नाही. केंड्रिक ओळीच्या शेवटचं अक्षर जुळवत बसत नाही, तो तीन-चार अक्षरांचा स्वरक्रम जुळवतो, तोही ओळीच्या मध्ये. मराठीत सांगायचं तर ‘दारात गाडी’ला ‘हातात काडी’ आणि लगेच ‘उन्हात झाडी’. असे पाच-सहा जोड सलग लावायचे, प्रत्येक वेळी मात्रेच्या थोडं अलीकडे किंवा पलीकडे, आणि तरीही वाक्य बोलल्यासारखं सरळ ठेवायचं. हौशी रॅपर इथेच अडकतो: जोड जमतो, पण वाक्य वाकडं होतं किंवा अर्थाला नको असलेला शब्द यमकासाठी आत घुसतो. ‘आर्ट ऑफ पिअर प्रेशर’ कागदावर उतरवून वाचलं तर ते जवळजवळ गद्य वाटतं. हे कौशल्य लपलेलं आहे म्हणून ते नाही असं समजू नये.

दोष आहेतच. ‘कॉम्प्टन’ हे डॉ. ड्रेसोबतचं शेवटचं गाणं दणदणीत आहे, पण गोष्ट ‘रिअल’लाच संपलेली असते, शेवटची कॅसेट नसती तर ते परिशिष्टच ठरलं असतं. ‘रिअल’ सात मिनिटांहून लांब आहे आणि त्याचं ध्रुवपद गरजेपेक्षा जास्त वेळा येतं. याहून गंभीर म्हणजे शरेन. जिच्यामुळे ही सारी गोष्ट घडते ती अख्ख्या अल्बममध्ये बोलत नाही. पोराच्या वासनेतून आणि नंतर संशयातूनच ती दिसते. कीशाच्या बहिणीला कडवं मिळालं, आईला निरोप मिळाले, शरेनला काही नाही. शिवराळ भाषेचा आक्षेप मात्र आम्हाला अर्धाच पटतो. शिव्या आहेत, पुष्कळ आहेत, पण सतरा वर्षांच्या पोराच्या तोंडी त्या असतात आणि त्याच्या आईवडिलांच्याही; त्या काढल्या तर माणसं खोटी होतील. स्त्रियांबद्दलचे काही शब्द मात्र पात्राची गरज म्हणून सोडून देता येत नाहीत.

बाजाराचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात २ लाख ४२ हजार प्रती खपून तो अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या २०० अल्बमांच्या यादीत दुसरा आला. पहिल्या स्थानी त्याच दिवशी आलेला टेलर स्विफ्टचा अल्बम होता. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ तो त्या यादीत टिकून राहिला. २०१४ च्या ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी नामांकन मिळालं, पुरस्कार एकही नाही. डॉ. ड्रेसोबत २०१२ च्या एप्रिलमध्ये काढलेलं ‘द रेसिपी’ हे गाणं मुख्य अल्बममध्ये घेतलंच नाही, ते जादा गाण्यांत गेलं. कंपनीच्या संस्थापकासोबतचं गाणं मुख्य अल्बमबाहेर ठेवायचं, हा निर्णय पहिल्याच मोठ्या अल्बमला घेतला गेला, याची नोंद पुरवणीने घ्यायला हवी होती.

ऐकायचं कसं, हेही वाचकांना सांगायला हवं, कारण हा अल्बम चुकीच्या सेटिंगवर सहज बिघडतो. बारा गाण्यांची मूळ आवृत्ती निवडा. डीलक्स आवृत्तीत ‘कॉम्प्टन’नंतर ‘द रेसिपी’, ‘ब्लॅक बॉय फ्लाय’ वगैरे गाणी आहेत. ती चांगली आहेत, पण मागे फिरलेली कॅसेट तिथे अडकते आणि गोष्टीचं वर्तुळ मोडतं. शफल बंद. गाण्यात गाणं मिसळणारी क्रॉसफेडची सोय बंद, कारण ती नेमक्या शेवटच्या सेकंदांवर पुढचं गाणं चढवते आणि किल्ल्या तिथेच आहेत. शिव्या गाळलेली आवृत्ती टाळा: तिच्यात शब्द जागोजागी गायब असतात, मग गोळीने तोडलेलं वाक्य आणि सेन्सॉरने तोडलेलं वाक्य यांतला फरक कानाला कळत नाही. मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकू नये. त्यावर बास मुळातच नसतो, त्यामुळे फोनवरचा निरोप आणि गाणं दोन्ही सारखेच अरुंद वाटतात. साधे हेडफोन पुरेत. ६८ मिनिटं सलग द्यावी लागतात. पहिल्या खेपेला शब्दांच्या मागे लागू नका, अमेरिकी बोलीतला अर्धा भाग सुटणारच. फक्त व्हॅन कुठे आहे आणि आत्ता कोण बोलतंय एवढंच धरून ठेवा. दुसऱ्या खेपेला शब्द समोर ठेवा. बारावं गाणं संपल्यावर थांबू नका, पहिलं पुन्हा लावा आणि आईचा निरोप येईपर्यंत ऐका.

पुरवणीत जागा कमी असते, चौकटीत चारच गाणी बसतात, हे आम्ही समजू शकतो. तसं असेल तर सलग चार द्यावीत, सातवं ते दहावं: ‘गुड किड’, ‘मॅड सिटी’, ‘स्विमिंग पूल्स’ची अल्बमवरची लांब आवृत्ती आणि ‘सिंग अबाउट मी’. मिळून साधारण २७ मिनिटं होतात. आणि खाली एक ओळ टाकावी, की सुरुवात सहाव्या गाण्याच्या शेवटच्या मिनिटापासून करा, जिथे दोघे जण विचारतात, तू कुठला.

आपले,
पुरवणीचे काही नियमित वाचक